मोडीत निघालेल्या बत्तीस तबकड्या : पॉट्स हिल ते खोडद

१/ जुना संगणक बंद पडला, की आपल्यापैकी अनेक जण तो लगेच भंगारवाल्याच्या हवाली करत नाहीत. कॅबिनेट उघडतात; रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस, पंखा असे जे धड असेल ते काढून ठेवतात आणि जुळेल ते नव्या यंत्रात बसवतात. या साध्या कृतीला विज्ञानाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. त्या इतिहासाचा एक धागा सिडनीहून निघतो, दिल्ली आणि कल्याणमार्गे प्रवास करतो आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदला येऊन पोहोचतो. आजचा थ्रेड त्या धाग्याविषयी.

२/ जुन्नर म्हटले की आपल्याला शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट आठवतात. पण नारायणगावच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर खोडदच्या शिवारात आपल्या काळाचे एक स्मारक उभे आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. चौदा तबकड्या मध्यवर्ती भागात जवळजवळ आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर विखुरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

३/ जीएमआरटीची कथा बहुधा ‘शून्यातून उभारलेली स्वदेशी दुर्बीण’ अशी सांगितली जाते. तिची रचना आणि बांधणी भारतीय आहे, त्यामुळे तो अभिमान रास्त आहे. मात्र ‘शून्यातून’ हा शब्द इतिहासाला धरून नाही. तिच्या निर्मात्यांनी आपली विद्या दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर कमावली होती. ती अवस्था वगळली, तर खोडद एखाद्या चमत्कारासारखे वाटू लागते. आणि चमत्कार म्हटले की कारणे शोधणे थांबते.

४/ सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भंगारापासून करावी लागते. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि रडार यंत्रणांचे प्रचंड साहित्य एकाएकी निरुपयोगी ठरले. रेडिओ खगोलशास्त्र हे नवे शास्त्र त्याच साहित्यावर वाढले. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लव्हेल यांनी लष्कराची जुनी रडार सामग्री जॉड्रेल बँकला आणून काम सुरू केले. नेदरलँड्समध्ये कूटवाइक येथे जर्मन ‘व्युर्त्सबुर्ग’ रडारची साडेसात मीटरची तबकडी आकाशाकडे वळवली गेली आणि १९५१ मध्ये तिने आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा २१ सेंटीमीटर तरंगलांबीचा संदेश टिपला.

५/ त्याच सुमारास दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एक तरुण हेच करत होता. त्याचे नाव गोविंद स्वरूप. १९५० मध्ये अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन तो संचालक के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली आला होता. ३ सेंटीमीटर तरंगलांबीवर इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय अनुनादाचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी लागणारी उपकरणे नव्हती. प्रयोगशाळेकडे युद्धातून उरलेले रडार संच होते. स्वरूप यांनी ते उघडून, त्यांतले भाग काढून आपले उपकरण जुळवले. विमाने हुडकण्यासाठी जन्मलेले भाग अणूंच्या अभ्यासाला लागले.

६/ १९५२ मध्ये कृष्णन सिडनीतील आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान परिषदेला गेले. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेचे रेडिओ खगोलशास्त्रातील काम पाहून ते प्रभावित झाले. पुढच्याच वर्षी कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर स्वरूप आणि त्यांचे सहकारी आर. पार्थसारथी सिडनीला पोहोचले. तेथील गटाचे प्रमुख जोसेफ पॉसी हे होते.

७/ सिडनीच्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठी विल्बर ख्रिश्चनसेन यांनी सुमारे सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या एका रांगेत मांडल्या होत्या. एकेकटी तबकडी अगदीच लहान. पण बत्तीसही तबकड्यांचे संकेत तारांमधून योग्य रीतीने एकत्र आणले, की सबंध रांगेच्या लांबीइतका बारकावा त्या रेषेत मिळतो. लक्ष्य होते सूर्य, आणि तरंगलांबी २१ सेंटीमीटर.

८/ येथे संगणक कोठे आहे? कोठेच नाही. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन रांगांनी सूर्याचे अनेक ‘छेद’ नोंदले जात. त्यांपासून सूर्याचे द्विमितीय चित्र तयार करण्याचे गणित माणसे हाताने करत आणि एका चित्रासाठी कित्येक महिने जात. ख्रिश्चनसेन आणि वॉरबर्टन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले चित्र याच कष्टांतून निघाले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. खोडदला पोहोचल्यावर तिच्याकडे पुन्हा येऊ.

९/ १९५४ मध्ये स्वरूप आणि पार्थसारथी यांनी ही रांग ६० सेंटीमीटर तरंगलांबीसाठी बदलून घेतली. तबकड्या त्याच राहिल्या. बदलले ते त्यांच्या नाभीवरचे ग्राहक, संकेत वाहून आणणाऱ्या तारांची जुळणी आणि रिसीव्हर. या बदललेल्या यंत्राने त्यांनी शांत सूर्याचे निरीक्षण केले आणि त्याच्या बिंबाची कड मध्यभागापेक्षा अधिक तेजस्वी दिसते, असे दाखवले. परक्या यंत्रातला कोणता भाग ठेवायचा आणि कोणता बदलायचा, याचा हा त्यांचा पहिला मोठा धडा होता.

१०/ १९५५ मध्ये ख्रिश्चनसेन फ्लर्स येथे अधिक मोठी, क्रॉसच्या आकाराची दुर्बीण उभारण्याच्या तयारीला लागले. पॉट्स हिलच्या बत्तीस तबकड्या आता मोडीत निघणार होत्या. हे कळल्यावर स्वरूप यांनी पॉसी यांच्याकडे विचारणा केली : या तबकड्या भारताला देता येतील का? पॉसी तयार झाले आणि दिल्लीहून कृष्णन यांनीही होकार दिला. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा पाया या एका विचारणेने घातला गेला. सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या हाती तेव्हा कोणताही अधिकार नव्हता; ते भाग कशाच्या कामी येतील याची कल्पना मात्र त्याला होती.

११/ पुढचा भाग संशोधकांच्या नाही, कारकुनी टेबलांच्या परिचयाचा आहे. देणगी मिळाली, पण ती जहाजाने आणण्याचा खर्च कोणी करायचा? परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात काहीशे पौंडांची रक्कमही लहान नव्हती. पत्रव्यवहार लांबत गेला. १९५६ मध्ये स्वरूप अमेरिकेला गेले. आधी हार्वर्डच्या टेक्सासमधील केंद्रात आणि नंतर स्टॅनफर्डला, रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी.साठी.

१२/ तबकड्या अखेर दिल्लीला आल्या. पण ज्यांना त्या हव्या होत्या, ती माणसे आता तेथे नव्हती. सूर्य पाहिलेल्या बत्तीस तबकड्या पडून राहिल्या. काढून ठेवलेल्या भागांच्या बाबतीत हे आपण सारेच जाणतो. कपाटातली जुनी रॅम कधीतरी कामाला येईल असे वाटते. ती जुळवणारा हात असेल तोवर तिला भाग म्हणायचे, तो हात गेला की उरते ती अडगळ.

१३/ १९६१ मध्ये स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन या परदेशातील चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशातील वैज्ञानिक संस्थांना प्रस्ताव पाठवला : आम्ही परत येऊन एकत्र काम करू इच्छितो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी १९६२ च्या आरंभीच त्यांना होकार कळवला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईला रुजू झाले. दिल्लीतल्या तबकड्याही टाटा संस्थेकडे आल्या. आठ वर्षांनी भाग आणि माणूस पुन्हा एकत्र आले.

१४/ जागा ठरली कल्याणजवळची. १९६५ मध्ये तेथे बत्तीस तबकड्या पुन्हा उभ्या राहिल्या. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम, ६३० मीटर लांबीच्या रेषेवर. आठ तबकड्या उत्तर-दक्षिण, २५६ मीटर लांबीच्या रेषेवर. वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४९ सेंटीमीटर. सिडनीतल्या रांगेतले बहुतेक सारे बदलले होते : मांडणी, तारा, ग्राहक, रिसीव्हर, अक्षांश, देश. तबकड्या तेवढ्या त्याच होत्या.

१५/ हे शक्य का झाले? तबकडी ही केवळ आरसा असते. तिच्या पृष्ठभागातले उंचसखलपण तरंगलांबीच्या मानाने लहान असले, की तिचे काम भागते. २१ सेंटीमीटरसाठी घडवलेला पृष्ठभाग ४९ सेंटीमीटरला सहज पुरतो. याउलट नाभीवरचा ग्राहक एका ठरावीक तरंगलांबीसाठी कापलेला असतो. तो दुसरीकडे चालत नाही. म्हणजे ज्या भागाला ‘आपण कोणते काम करतो’ याची कमीत कमी जाण असते, तो भाग सर्वाधिक काळ टिकतो. संगणकातही कॅबिनेट, पंखा, पॉवर सप्लाय पिढ्यान्‌पिढ्या चालतात. प्रोसेसर मात्र आपल्या मदरबोर्डच्या सॉकेटला बांधलेला असतो.

१६/ अशा कामाला ‘जुगाड’ म्हणण्याची आज रीत आहे. या प्रसंगी तो शब्द अपुरा पडतो. जुगाडात आजची अडचण निभावून नेली की काम संपते. कल्याणला तबकड्यांमधली अंतरे नव्याने मोजावी लागली, तारांच्या लांबी जुळवाव्या लागल्या, रिसीव्हर येथेच घडवावे लागले. जुन्या भागांनी वाचवला तो पैसा आणि वेळ. गणित सारे नव्यानेच करावे लागले, आणि ते करताना एक तरुण गट तयार झाला. त्या गटातले विजय कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. जीएमआरटी चालवणारी संस्था तीच.

१७/ कल्याणनंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९७० मध्ये, याच गटाने उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दंडगोलाकार दुर्बीण कार्यान्वित केली. ती ज्या डोंगरउतारावर उभी आहे, त्याचा कल त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे तिचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर येतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ती आकाशातल्या स्रोताचा तासन्‌तास माग काढू शकते. ही रचना पूर्णपणे नवी आणि भारतीय होती. पुढे १९८० च्या दशकात त्याच दुर्बिणीला लहान अँटेनांची जोड देऊन ‘उटी सिंथेसिस’ दुर्बीण तयार झाली. आपले स्वतःचे जुने यंत्रही नव्या यंत्राचा भाग होऊ शकते, हे येथे दिसले.

१८/ आता खोडद. १९९० च्या दशकात उभारलेल्या या दुर्बिणीच्या तबकड्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही. दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांच्या सांगाड्यावर बारीक पोलादी जाळी बसवलेली आहे. मीटरभर लांबीच्या तरंगांना जाळी भिंतीसारखीच भासते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. आरशाला नेमकी किती अचूकता पुरते, हा पॉट्स हिल आणि कल्याणचा धडा येथे ४५ मीटरच्या मापात उतरलेला दिसतो.

१९/ तीस तबकड्यांपासून एक दुर्बीण बनते ती संगणकाच्या खोलीत. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचे गणित अखंड चालते. हे करणाऱ्या यंत्राला ‘कोरिलेटर’ म्हणतात. पॉट्स हिलला जे काम माणसे महिनोन्‌महिने हाताने करत, त्याचा हा वारसदार.

२०/ खोडदच्या पहिल्या कोरिलेटरमध्ये अमेरिकेच्या व्हीएलबीए या दुर्बीणजाळ्यासाठी घडवलेली खास चिप वापरली होती. एका दुर्बिणीसाठी तयार झालेला भाग दुसरीच्या कामी आला. आपली परंपरा येथेही चालू राहिली. पण अशी चिप नाभीवरच्या ग्राहकासारखी असते : एकच काम जाणणारी. नवे काही करायचे, तर नवी कार्डे घडवावी लागतात.

२१/ म्हणून २०१० च्या सुमारास खोडदला मोठा बदल झाला. बाजारात मिळणारे संगणक आणि संकेत अंकांत रूपांतरित करणारी तयार कार्डे जोडून ‘सॉफ्टवेअर बॅकएंड’ उभे राहिले. कोरिलेटर आता लोखंडात कोरलेला राहिला नाही. तो एक प्रोग्रॅम झाला. संगणक जुना झाला की बदलावा, प्रोग्रॅम पुढे न्यावा. शिवाय मूळ संकेत साठवून ठेवून नंतर पुन्हा तपासण्याची सोयही मिळाली.

२२/ पुढे ‘अपग्रेडेड जीएमआरटी’ आली. त्याच तबकड्या, तेच काँक्रीटचे मनोरे. नाभीवरचे ग्राहक, रिसीव्हर आणि संगणक नवे. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकता येई, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकता येतो. हे गणित करायला ग्राफिक्स कार्डे लागली; गेमिंगच्या संगणकात असतात त्याच जातकुळीची. विशेष म्हणजे दुर्बीण बंद न ठेवता हा बदल केला गेला. पूर्वीच्याच ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींवर, जुने आणि नवे संकेत शेजारी शेजारी वाहत राहिले.

२३/ आणि जुन्यातून नवे काढण्याची रीत केवळ धातूपुरती राहिली नाही. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे मोठे सर्वेक्षण केले. ती निरीक्षणे संग्रहात जपलेली होती. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ती नव्या पद्धतींनी पुन्हा हाताळली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागातले सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत नोंदले गेले. दुर्बीण एक इंचही हलली नव्हती. साठवणीतले आकडे नव्या प्रोग्रॅममध्ये बसवले, इतकेच.

२४/ एक भाग मात्र कोठूनही काढून आणता येत नाही : रेडिओ शांतता. खोडदची निवड झाली त्यात येथील कमी मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचा मोठा वाटा होता. ती शांतता टिकावी म्हणून जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करू शकणाऱ्या उद्योगांवर निर्बंध आहेत, आणि ‘आमच्या भागात कारखाने का येत नाहीत’ हा येथल्या तरुणांचा प्रश्न खरा आहे. दुर्बिणीच्या भागांची यादी करताना या गावांनी सोसलेली अडचणही त्यात धरली पाहिजे. तबकडी मोडली तर पुन्हा बांधता येते. शांतता एकदा मोडली की तिचे सुटे भाग मिळत नाहीत.

२५/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या साऱ्या कथेतली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. भाग काढून नवे यंत्र बनवले, की जुने यंत्र पुरावा म्हणून संपते. कल्याणची दुर्बीण उभी राहिली, म्हणजेच पॉट्स हिलची ती रांग कायमची गेली. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याला नाव त्याचेच राहिले, कारभार घोडेगावातून चालतो. नव्याच्या अंगावर जुन्याची खूण उरते, पण ती वाचायला कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असावे लागते.

२६/ मग जुनी यंत्रे वापरूच नयेत का? तसे केले असते, तर बत्तीस तबकड्या एखाद्या संग्रहालयात राहिल्या असत्या आणि कल्याणचा गट कदाचित तयारच झाला नसता. वस्तू जपावी की वापरावी, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. पण वापरताना नोंद ठेवणे नेहमीच शक्य असते. ही कथा आज सांगता येते ती शोधनिबंध, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि स्वरूप यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणी यांच्या बळावर. २०२० मध्ये ते गेले. त्यांनी लिहिले नसते, तर त्या तबकड्यांच्या प्रवासातले कितीतरी दुवे हरवले असते.

२७/ तेव्हा वाचकहो, एक विनंती. पुढच्या वेळी घरचा, शाळेचा किंवा गावच्या ग्रंथालयाचा जुना संगणक उघडाल, तेव्हा भाग अवश्य काढा आणि वापरा. त्याआधी एक छायाचित्र घ्या. यंत्र कोणत्या वर्षी आले, कोणी वापरले, त्यावर कोणते काम झाले आणि कोणता भाग कोठे गेला, हे वहीच्या एका पानावर लिहा. शाळेत आलेला पहिला संगणक हा त्या गावाच्या इतिहासातला प्रसंग असतो, आणि त्याचे शिलालेख कोणी कोरत नाही.

२८/ आणि कधी नारायणगावला गेलात, तर शिवनेरीवरून उतरल्यावर खोडदच्या रस्त्यालाही वळा. दुरून त्या जाळीदार तबकड्या दिसतील. कल्याणची दुर्बीण ज्या ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहत असे, ती वारंवारता जीएमआरटीच्या मूळ पट्ट्यांमध्येही होती. खोडदच्या तबकड्यांत पॉट्स हिलचा एकही खिळा नाही, तरी त्या बत्तीस तबकड्यांवर शिकलेले गणित तेथे चालू आहे. तुमच्याकडे अशा एखाद्या जुन्या यंत्राची नोंद किंवा आठवण असेल, तर खाली जरूर लिहा.

(समाप्त)